चुकायला एक जागा द्या

प्रति,
माननीय कामगार मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई



मी चौतीस वर्षं केमिकल प्लांटमध्ये काढली. आयटीआयमधून एओसीपी, म्हणजे अटेंडंट ऑपरेटर केमिकल प्लांट, हा ट्रेड करून ट्रेनी म्हणून लागलो आणि पाळीप्रमुख म्हणून निवृत्त झालो. हे पत्र साध्या टपालाने पाठवता आलं असतं. पण त्यातलं म्हणणं आपल्याइतकंच कारखानदारांनी, आयटीआयच्या निदेशकांनी आणि ज्यांची मुलं रात्रपाळीला जातात त्या आईवडिलांनीही वाचावं असं वाटतं, म्हणून ते उघड लिहितो आहे.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षातली एक रात्र मला आजही मिनिटांसकट आठवते. पावसाळ्याचे दिवस होते. दोनच्या सुमाराला वीज गेली आणि दोन-तीन मिनिटांत परत आली. आमच्या भागात हे रोजचंच होतं. एका रिॲक्टरमध्ये डोझिंग चालू होतं. एक रसायन आत होतं आणि दुसरं वरच्या टाकीतून बारीक धारेने, सहा तास लावून, आत सोडायचं होतं. वीज गेली तसा रसायन ढवळणारा ॲजिटेटर थांबला आणि वीज आल्यावर तो आपोआप सुरू झाला नाही. वरच्या टाकीतलं रसायन मात्र नुसत्या उताराने येत होतं. त्याला विजेशी देणंघेणं नव्हतं. ते येत राहिलं. मी पॅनेलवर बघत होतो तर तापमान हळूहळू उतरत होतं. चढतं तापमान वाईट आणि उतरतं बरं, एवढंच मला शिकवलेलं होतं. मी लॉगशीटवर आकडा लिहिला आणि पुढच्या कामाला लागलो.

चाळीस मिनिटांनी राउंडला गेलो तेव्हा शाफ्ट फिरत नसल्याचं दिसलं. माझा हात सरळ हिरव्या बटणाकडे गेला. बंद पडलाय, तर चालू करायचा. त्यात विचार करण्यासारखं काय होतं?

मागून कोणीतरी माझं मनगट धरलं. ते आमचे जुने ऑपरेटर होते, सगळे त्यांना मामा म्हणत. ते म्हणाले, "बाळा, आत काय साठलंय ते आधी बघ." चाळीस मिनिटांचं रसायन आत न मिसळता थर धरून बसलं होतं. प्रक्रिया होतच नव्हती, म्हणून तर तापमान उतरत होतं. बटण दाबलं असतं तर तो सगळा साठा एका दमात मिसळला असता आणि चाळीस मिनिटांत सावकाश निघायची उष्णता काही क्षणांत निघाली असती. रिॲक्टरभोवतीच्या जॅकेटमधल्या थंड ब्राइनला ती ओढता आली नसती. तापमान दहा अंशांनी चढलं की प्रक्रियेचा वेग साधारण दुप्पट होतो, असा आमच्या धंद्यातला ठोकताळा आहे. वेग वाढला की तापमान आणखी चढतं, आणि मग त्या बॅचला माणूस आवरू शकत नाही. मामांनी डोझिंगचा व्हॉल्व्ह बंद केला, ब्राइन पूर्ण उघडलं, मजल्यावरच्या सगळ्यांना खाली पाठवलं आणि साहेबांना फोन लावला. सकाळी चीफ केमिस्ट येईपर्यंत त्या रिॲक्टरला कोणी हात लावला नाही.

मामांना हे कसं कळलं, असं मी नंतर चहा पिताना विचारलं. आधीच्या नोकरीत त्यांच्या डोळ्यांदेखत एकाने ते बटण दाबलं होतं. तो माणूस घरी परतला नाही.

म्हणजे मी आज हे पत्र लिहू शकतो ते मी न पाहिलेल्या एका माणसाच्या मरणामुळे आणि त्या रात्री मामा रजेवर नव्हते म्हणून. मंत्रिमहोदय, ऑपरेटर घडवायची आपली रीत अजून अशीच आहे. नवा मुलगा जुन्याच्या मागे फिरतो, त्याच्या हाताकडे बघतो, लाइन पाठ करतो. जुन्याने जे पाहिलं असेल ते त्याला मिळतं. रोजचं काम शिकायला ही रीत चांगली आहे, तिच्याबद्दल मला आदर आहे. पण बिघाड रोज होत नाहीत. प्लांट जितका नीट चालतो तितका ऑपरेटर बिघाडाला अनोळखी राहतो. स्वयंचलित प्लांटमध्ये सगळं काम संगणक करतो आणि संगणकाला जमेनासं झालं की तोच प्लांट अचानक माणसाच्या हातात येतो, तोही सवय मोडलेल्या माणसाच्या. लिझॅन बेनब्रिज या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९८३ साली एका छोट्या लेखात हा पेच मांडला होता. चाळीस वर्षं होऊन गेली, तो सुटलेला नाही.

विमानवाल्यांनी यावर उपाय फार आधी काढला. न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टन गावी एडविन लिंक नावाचा तरुण वडिलांच्या पियानो आणि ऑर्गनच्या कारखान्यात काम करायचा. ऑर्गनला हवा पुरवणारे भाते वापरून १९२९ साली त्याने जमिनीवरच डोलणारं, कलणारं एक लहानसं विमान बनवलं. सुरुवातीला ते जत्रेतल्या करमणुकीसाठी विकलं गेलं. १९३४ मध्ये अमेरिकेच्या लष्कराकडे हवाई टपालाचं काम आलं, ढगांत आणि अंधारात नुसत्या काट्यांवर विमान चालवायची सवय नसलेले वैमानिक मरू लागले, तेव्हा लष्कराने तशी सहा यंत्रं विकत घेतली. आज प्रवासी विमानाचा वैमानिक इंजिन बंद पडण्याचा प्रसंग सिम्युलेटरमध्ये पुन्हा पुन्हा अनुभवतो. खऱ्या आकाशात तो प्रसंग त्याच्यावर आयुष्यात एकदाही येत नाही असं पुष्कळदा होतं, तरी त्याचे हात तयार असतात.

अणुवीजवाल्यांना हे कळायला १९७९ साल उजाडलं. २८ मार्चच्या पहाटे अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंडच्या अणुवीज केंद्रात एक व्हॉल्व्ह उघडा अडकला. पॅनेलवरचा दिवा मात्र व्हॉल्व्हची खरी स्थिती दाखवतच नव्हता. 'बंद हो' असा हुकूम गेलाय, एवढंच तो सांगत होता. ऑपरेटरांनी दिव्यावर विश्वास ठेवला. चौकशी आयोगाने त्यांच्या प्रशिक्षणावर बोट ठेवलं आणि त्यानंतर अमेरिकेतल्या अणुवीज केंद्रांना आपापल्या केंद्राची हुबेहूब नक्कल असलेले सिम्युलेटर उभारावे लागले.

आमच्या रसायनाच्या धंद्याला मात्र अजून पुरती जाग आलेली नाही. अमेरिकेतल्या टेक्सस सिटीची हकिकत मी मुद्दाम थोडी विस्ताराने सांगतो, कारण ती वाचताना मला माझं ते उतरतं तापमान आठवलं होतं.

२३ मार्च २००५. बीपी कंपनीच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात दुरुस्तीनंतर एक युनिट सुरू करत होते. १७० फूट उंचीच्या टॉवरमध्ये तळाला काही फूट द्रव ठेवायचा असतो. तीन तासांहून जास्त वेळ टॉवरमध्ये द्रव भरत राहिला, बाहेर काढायची लाइन बंदच राहिली. पातळी दाखवणाऱ्या उपकरणाला दहा फुटांच्या वरचं काही कळतच नव्हतं. वरच्या पातळीचा दुसरा अलार्म वाजला नाही. बाहेरून बघायची काच इतकी मळलेली होती की तिच्यातून दिसत नव्हतं. द्रव १५८ फुटांवर पोचला तेव्हा पॅनेल सांगत होतं, आठ फुटांच्या आसपास, आणि उतरतंय. पॅनेलवरचा माणूस बारा-बारा तासांच्या पाळ्या सलग एकोणतीस दिवस करत होता आणि एकट्याने तीन युनिटं सांभाळत होता. शेवटी द्रव वरून बाहेर पडला, वाफेचा लोट जमिनीवर पसरला आणि जवळ इंजिन चालू ठेवून उभ्या असलेल्या एका गाडीने तो पेटला. पंधरा माणसं गेली, एकशे ऐंशी जखमी झाली.

अमेरिकेच्या केमिकल सेफ्टी बोर्डाने दोन वर्षं चौकशी केली. त्या अहवालातल्या दोन गोष्टी माझ्या मनातून जात नाहीत. कारखान्याच्या प्रशिक्षण विभागात अठ्ठावीस माणसं होती, ती कमी करत आठवर आणली होती. आणि अडचणीचा प्रसंग हाताळायचा सराव करायला ऑपरेटरांकडे सिम्युलेटर नव्हता. आत किती गेलं आणि बाहेर किती आलं याचा हिशेब घालायची सवय त्या माणसाला सरावाने लागली असती, तर काटा उतरताना बघून तो दचकला असता. आत येतंय, बाहेर काहीच जात नाही, मग पातळी उतरेल कशी? हा प्रश्न पुस्तक वाचून त्या क्षणी सुचत नाही. आधी एकदा फसलेल्यालाच तो सुचतो.

त्याच्या साडेसहा वर्षं आधी, सप्टेंबर १९९८ मध्ये, ऑस्ट्रेलियात लाँगफर्डच्या गॅस प्लांटमध्ये गरम तेलाचा प्रवाह थांबल्यामुळे एक हीट एक्स्चेंजर गोठून ठिसूळ झाला. त्यात पुन्हा गरम तेल सोडलं आणि तो फुटला. दोन कामगार गेले, मेलबर्न शहर जवळपास दोन आठवडे गॅसविना राहिलं. कंपनीने आपल्या ऑपरेटरांकडे बोट दाखवलं. रॉयल कमिशनने ते मानलं नाही. थंड पडलेल्या धातूत गरम तेल सोडणं किती घातक आहे हे त्या माणसांना शिकवलंच नव्हतं, असा निष्कर्ष १९९९च्या अहवालात आहे. बटणाकडे गेलेला माझा हात मी या सगळ्यांच्या हातांत बघतो.

आता व्हर्च्युअल रिॲलिटीबद्दल, ज्याच्यासाठी हे पत्र.

चष्म्यासारखा एक डबा डोळ्यांवर बांधायचा, दोन्ही हातांत दोन मुठी धरायच्या, आणि आपण प्लांटमध्ये उभे असतो. मान वळवली की पाइप रॅक दिसतो. जिना चढून तिसऱ्या मजल्यावर जाता येतं. व्हॉल्व्हचं चाक धरून फिरवता येतं. धूर येतो, सायरन वाजतो, वॉकीटॉकीवर पॅनेलवाला ओरडत असतो. रात्र करता येते, पाऊस पाडता येतो. फील्डवरच्या ऑपरेटरसाठी याचं मोल फार आहे. कारण बिघाडाच्या वेळी त्याची निम्मी शक्ती व्हॉल्व्ह कुठे आहे हे शोधण्यात आणि तिथवर पोचण्याची वाट मोकळी आहे का हे बघण्यात जाते. पॅनेलवरच्यांसाठीचे सिम्युलेटर मोठ्या तेलशुद्धीकरण कारखान्यांत आता बऱ्यापैकी रुळले आहेत. पॅनेलवाला आणि फील्डवाला या दोघांचा सराव एकत्र घेता येणं ही पुढची पायरी. मिलानच्या पोलितेक्निकोमधल्या संशोधकांनी प्लांटचं गणित, गळती आणि आगीचं गणित आणि हे दृश्य जग अशी तिन्ही एकमेकांना जोडून दाखवली आहेत. फील्डवाल्याने व्हॉल्व्ह उशिरा बंद केला की पॅनेलवरचा दाब खरोखर चढतो, आणि गळती जितका वेळ चालली तितकंच तळं साचतं.

हे जोडणं महत्त्वाचं का, ते माझ्या अनुभवातून सांगतो. काही वर्षांपूर्वी सुरक्षा सप्ताहात एका कार्यक्रमाला गेलो होतो. एका विक्रेत्याने असा चष्मा मांडला होता. पाहुण्यांनी एकेक करून तो घातला, पडद्यावरची आग विझवली, टाळ्या झाल्या. माझी पाळी आली. मी सांगितलेला व्हॉल्व्ह सोडून शेजारच्या व्हॉल्व्हला हात घातला. तो फिरेना. पुन्हा प्रयत्न केला. फिरेना. बरोबर होता तोच एक व्हॉल्व्ह फिरत होता, त्याच्याभोवती हिरवी चौकटही चमकत होती. बाकी सगळं नुसतं रंगवलेलं होतं.

मंत्रिमहोदय, ज्या प्लांटमध्ये चुकीचा व्हॉल्व्ह फिरतच नाही तिथे कोणी काय शिकणार? खऱ्या प्लांटमध्ये चुकीचा व्हॉल्व्ह अगदी सहज फिरतो, पुष्कळदा बरोबर व्हॉल्व्हपेक्षा सहज. सिम्युलेटरचा जीव चित्रात नसून चित्रामागच्या गणितात असतो: किती वस्तुमान आलं, किती गेलं, किती उष्णता निघाली, किती ओढली गेली, प्रक्रियेचा वेग काय. हे गणित दर क्षणाला नव्याने सुटत असेल तरच त्यात चूक करता येते, आणि केलेल्या चुकीचं फळ समोर उभं राहतं. शिकवणारा दुसऱ्या खोलीत बसून गुपचूप पंप बंद पाडतो, काटा खोटा करतो, ॲजिटेटर थांबवतो. मुलगा हिरवं बटण दाबतो. रिॲक्टर फुटतो. मुलगा चष्मा काढतो, पाणी पितो, आणि दोघं मिळून तोच प्रसंग मागे नेऊन मिनिटामिनिटाने पुन्हा बघतात. तापमान उतरायला लागलं तेव्हा तू काय समजलास? तिथे थांबून कोणता प्रश्न विचारायला हवा होतास? मामांनी मला एका मनगटाच्या पकडीत जे दिलं ते त्या मुलाला एका दुपारी मिळेल, आणि त्यासाठी कोणाला मरावं लागणार नाही.

म्हणून माझी पहिली विनंती अशी की शासनाने चष्मे खरेदी करू नयेत. चष्मे स्वस्त होत जातील, बदलत जातील. त्यांच्यामागचे प्रसंग आणि त्यांचं गणित तयार करून घ्यावं. आपल्या औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे वर्षानुवर्षांच्या अपघातांच्या चौकशीच्या फायली आहेत. त्या प्रत्येक फायलीत एक धडा आहे आणि तो कपाटात आहे. डोंबिवलीला मे २०१६ मध्ये स्फोट झाला, मे २०२४ मध्ये पुन्हा झाला. महाडला नोव्हेंबर २०२३ मध्ये आगीत माणसं गेली. दर वेळी चौकशी होते, भरपाई जाहीर होते. पण त्या चौकशीतून जे कळतं ते शेजारच्याच कारखान्यात रात्रपाळीला उभ्या असलेल्या मुलापर्यंत कोणत्या वाटेने पोचतं? मला ती वाट दिसलेली नाही. नावं काढून टाका, कंपनी काढून टाका, पण प्रसंग जसाच्या तसा सरावाला ठेवा. आणि थोडक्यात निभावले असे प्रसंग, ज्यांची फाईलच होत नाही, ते निवृत्त ऑपरेटरांकडून गोळा करा. तारापूर, तळोजा, पाताळगंगा, रोहा, महाड, लोटे, कुरकुंभ इथल्या चाळींत आणि सोसायट्यांत अशी शेकडो माणसं आज नातवंडं सांभाळत बसली आहेत. त्यांना कोणी विचारलेलं नाही. विचारलं तर ती रात्रभर बोलतील.

दुसरं. हे सगळं मोठ्या कंपन्या आपापलं करतील, काही करतही आहेत. काळजी आहे ती लहान कारखान्याची. पाच-सहा रिॲक्टर, पन्नास माणसं, त्यातली बरीचशी कंत्राटी, दर महिन्याला वेगळं उत्पादन. मोठ्या कंपनीला नको असलेली धोक्याची प्रक्रिया पुष्कळदा अशा ठिकाणीच करून घेतली जाते. या मालकाला स्वतःचा सिम्युलेटर परवडणार नाही, आणि खरं म्हणजे गरजही नाही. सांडपाण्याच्या बाबतीत आपण हेच ओळखलं होतं. एकेका लहान कारखान्याला सांडपाणी प्रक्रिया झेपत नाही म्हणून एमआयडीसीत सामायिक केंद्रं उभी राहिली, सगळ्यांनी खर्च वाटून घेतला. त्याच धर्तीवर प्रत्येक रासायनिक वसाहतीत सरावाचं एक सामायिक केंद्र का नसावं? संकटात एकमेकांच्या मदतीला धावण्यासाठी कारखान्यांचे 'मार्ग' गट अनेक वसाहतींत आहेतच. आयटीआयची इमारत जवळ आहे. सुरुवात सगळ्यात नेहमीच्या गोष्टीने करावी: एक बॅच रिॲक्टर, त्याचं जॅकेट, डोझिंग टाकी, कंडेन्सर, व्हेंट. बहुतेक लहान कारखाने याच सामानावर चालतात. एवढं एक मॉडेल प्रामाणिकपणे केलं तरी राज्यातल्या हजारो ऑपरेटरांच्या कामाला येईल.

बॉयलर चालवायचा तर सरकारी परीक्षा पास व्हावी लागते, हे आपल्याला ठाऊक आहेच. बॉयलरमध्ये पाणी असतं. पलीकडच्या शेडमध्ये जो रिॲक्टर मी चालवला त्यात नायट्रेशनची धोक्याची प्रक्रिया व्हायची, आणि चौतीस वर्षांत माझ्याकडे तो चालवण्याचं प्रमाणपत्र कोणी मागितलं नाही.

कायद्याने दार अर्धं उघडून ठेवलेलं आहे. भोपाळच्या वायुगळतीनंतर, १९८७ साली, फॅक्टरी ॲक्टमध्ये धोकादायक प्रक्रियांचं स्वतंत्र प्रकरण आलं आणि कलम १११-अ आलं. सुरक्षेचं प्रशिक्षण शक्यतो कारखान्यात मिळवण्याचा, नाहीतर मुख्य निरीक्षकाने मान्य केलेल्या केंद्रात मालकामार्फत पाठवलं जाण्याचा हक्क त्या कलमाने कामगाराला दिला. हा हक्क मागताना मी एकाही कामगाराला पाहिलेलं नाही. आपल्याला तो आहे हेच बहुतेकांना माहीत नव्हतं. आता संसदेने २०२० साली संमत केलेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेचं युग आहे, आणि तिच्याखालच्या नियमांत राज्याचा शब्द मोठा आहे. त्या नियमांत हा हक्क पातळ होऊ देऊ नका. धोकादायक प्रक्रियेवर स्वतंत्रपणे उभं राहण्याआधी सिम्युलेटरवर ठरावीक तासांचा सराव झालाच पाहिजे, आणि तो पगारी वेळेत, कंत्राटी माणसालाही, एवढं त्यात लिहा. साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी बोलावून घेतलेला सराव माणसाच्या अंगी लागत नाही.

भाषेबद्दल थोडं. प्रशिक्षणाचं बहुतेक साहित्य इंग्रजीत येतं. आमची मुलं इंग्रजी पाट्या वाचतात, लॉगशीटही इंग्रजीत भरतात. पण गडबडीच्या क्षणी माणूस ज्या भाषेत विचार करतो त्या भाषेतच त्याला हाक पोचते. सराव मराठीत हवा, हिंदीत हवा, आणि आता आपल्या वसाहतींत उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातून आलेली मुलं इतकी आहेत की त्यांचाही विचार हवा. आणि मराठी म्हणजे 'प्रक्षोभक' असली शासकीय मराठी नको. ॲजिटेटरला आम्ही ॲजिटेटरच म्हणतो.

या साधनाच्या मर्यादाही मला ठाऊक आहेत. चष्मा घातल्यावर कित्येकांना मळमळतं, कारण डोळे चालत असतात आणि पाय जागेवर असतात. त्यामुळे सराव छोट्या छोट्या तुकड्यांत घ्यावा लागतो. त्यात वास येत नाही, आणि आमच्या धंद्यात नाक हे मोठं उपकरण आहे. गंजून बसलेला व्हॉल्व्ह दोघांनी पाना लावून फिरवताना खांद्यात जी कळ येते ती त्यात येत नाही. एप्रिलमधली शेड आणि त्यात अंगावरचा पीव्हीसी सूट यांची उष्णता त्यात नाही. म्हणून जुन्याच्या मागे फिरून शिकणं बंद करून चालणार नाही. आधी सराव, मग मामा. दोन्ही.

याहून मोठी भीती वेगळी आहे. भोपाळच्या त्या रात्री, २ डिसेंबर १९८४ला, पावणेअकराला पाळी बदलली. आधीच्या पाळीत टाकीचा दाब दोन होता, अकराच्या सुमाराला तो दहा दिसला. नव्या माणसाला तो नेहमीच्या मर्यादेतला वाटला. इथे सरावाचा उपयोग झाला असता, हे खरं. पण टाकी थंड ठेवणारी यंत्रणा काही महिन्यांपासून बंद होती. वायू जाळणाऱ्या फ्लेअरची पाइप दुरुस्तीसाठी काढलेली होती. वायू निष्प्रभ करणारा स्क्रबर राखीव ठेवलेला होता. अशा प्लांटमध्ये जगातला सगळ्यात तयारीचा ऑपरेटर आणून बसवला असता तरी त्याच्या हाती काय होतं? सराव हा दुरुस्तीला पर्याय नाही. बायपास केलेला सुरक्षेचा इंटरलॉक चष्म्याने जोडला जात नाही. आणि उद्या अपघात झाल्यावर एखादा मालक चौकशीत सांगेल, "आम्ही त्याला सिम्युलेटरवर शिकवलं होतं, चूक त्याचीच." लाँगफर्डला हेच सांगून पाहिलं गेलं. म्हणून नियम करतानाच लिहून टाका की सरावात झालेल्या चुकांची नोंद शिकवण्यासाठी वापरली जाईल, शिक्षेसाठी, बढती रोखण्यासाठी किंवा दोष लावण्यासाठी नाही. हे लिहिलं नाही तर मुलं सरावातही चूक लपवतील, आणि मग त्या केंद्रात आणि मी पाहिलेल्या त्या न फिरणाऱ्या व्हॉल्व्हमध्ये काही फरक उरणार नाही.

मामा आता नाहीत. त्यांना जे माहीत होतं त्यातलं एक मला मिळालं, कारण त्या रात्री मी त्यांच्यापुढे उभा होतो. बाकीचं त्यांच्याबरोबर गेलं. माझ्याजवळ जे आहे ते मी द्यायला तयार आहे, बोलावलं तर स्वखर्चाने येईन, आणि माझ्यासारखे आणखी वीस जण घेऊन येईन.

यंदा राज्यातल्या आयटीआयमधून एओसीपीची आणखी एक तुकडी बाहेर पडेल. एकोणीस-वीस वर्षांची मुलं आहेत ती. दिवाळीच्या आत त्यांतल्या अनेकांची पहिली रात्रपाळी लागेल, आणि कुठल्या तरी रात्री वीज जाऊन परत येईल. त्याआधी एका वसाहतीत, एका आयटीआयमध्ये, एका रिॲक्टरपासून का होईना, हे काम सुरू करा, ही कळकळीची विनंती.

आपला विश्वासू,
एक निवृत्त पाळीप्रमुख